निवडुंगाला स्थळ पाहिजे

अप्पांकडं निवडुंगाची फांदी मागायला जायचं, तर आधी स्वतःच्या घराची उलटतपासणी करून घ्यायची तयारी ठेवावी. घराचं तोंड कुणीकडं? सकाळचं ऊन कुठवर येतं? टांगायला आकडा हाय का? आणि शेवटी, घरात वडीलधारं कोण, त्यांचा हात सढळ हाय का? या प्रश्नाला माणूस मोठ्या अभिमानानं हो म्हणतो आणि तिथंच सोयरीक मोडते. सढळ हाताच्या घरात अप्पा फांदी देत नाहीत. पाणी घालून घालून मारतात म्हणे असली माणसं.

मी अप्पांची शेजारीण. आमची ओसरी आणि त्यांची ओसरी यांच्यात एक कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं माझं शिलाई मशीन, पलीकडं त्यांचा निवडुंग. ब्लाऊजला हुक लावता लावता त्यांच्या घरातलं सगळं कानावर पडतं. यात माझा काही दोष नाही, भिंतच तेवढी आहे.

आमच्या सासूबाईंचा हात सढळ. त्यांनी फांदी मागितली तर अप्पांनी चहा पाजला, पान दिलं आणि विषय पावसाकडं नेला. सासूबाई तणतणत घरी आल्या. म्हणाल्या, काटंच मागितलं व्हतं, पोरगी न्हाय. शेवटी त्या बहिणीकडं गेलेल्या असताना मी फांदी पदरात पाडून घेतली, आणि सासूबाईंना तिला हात लावू देणार नाही असा अप्पांना शब्द दिला. तो आजवर पाळलाय. सासूबाई त्यावरून अजून मला टोमणे मारतात.

हा निवडुंग आपल्या बांधावरचा फड्या नव्हे. तेलाचा डबा कापून टांगलेला, आणि त्यातून करंगळीएवढ्या जाड हिरव्या वेण्या खाली सुटलेल्या, पार खिडकीच्या फळीपर्यंत. अंगभर बारीक मऊ दिसणारे काटे, पण दिसण्यावर जाऊ नये. पोरं त्याला उंदराच्या शेपट्या म्हणतात. उन्हाळा तोंडावर आला की त्याच शेपट्यांवर गडद गुलाबी फुलं येतात आणि मग जळकोटातली निम्मी गल्ली आमच्या भिंतीला टेकून उभी राहते.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. शेवटच्या फेरीत कुणीतरी सीटखाली हा डबा विसरलं. अप्पांनी तो रीतसर डेपोत जमा केला. लई दिवस कुणी न्यायला आलं नाही आणि डेपोतले लोक त्यात विड्या विझवायला लागले, तेव्हा ते डबा घरी घेऊन आले. काटेरी झाड घरात आणलं की भांडणं होतात, असं गल्लीनं अप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना बजावलं. काकू म्हणाल्या, भांडायला तरी कुणीतरी पाहिजे की घरात.

डब्यात वाळू, विटांचा चुरा आणि मूठभर शेणखत. पाणी घालायच्या आधी अप्पा उदबत्तीची काडी मातीत खोल खुपसतात. काडीला माती चिकटून आली तर पाणी नाही. थंडीत तर जवळजवळ उपासच. मे महिन्यात दुपारी डबा उतरवून सावलीला. आणि त्याच्याशी बोलायचं ते कानडीत. आमच्याशी मराठी, काकूंशी दोन्ही, निवडुंगाशी मात्र निव्वळ कानडी. 'नीर ब्याड,' म्हणजे पाणी नको, असं ते इतक्या मायेनं सांगतात की ऐकणाऱ्यालाच तहान लागते.

कापलेली फांदी लगेच मातीत लावायची नाही, हा त्यांचा मोठा नियम. जखम वाळली पाहिजे, तिच्यावर खपली धरली पाहिजे, नाहीतर कुजते. 'वाळू द्या, मग बघू.' हे वाक्य पुढं त्यांनी सगळ्या जगाला लावलं. आमचे हे आणि दीर विहिरीच्या मोटारीवरून भांडले, अप्पा म्हणाले, वाळू द्या, मग बघू. एका बाईचा ब्लाऊज मी इस्त्रीनं जाळला, ती दारात उभी राहून माझा उद्धार करत होती, तिलाही भिंतीवरून हेच. ती आणखी भडकली. पण चार दिवसांनी दुसरं कापड घेऊन माझ्याकडंच आली, हेही खरं.

दिलेल्या फांदीला ते विसरत नाहीत. 'सहज आलतो' म्हणत येतात, यजमानाच्या तोंडाकडं बघायच्या आधी आढ्याकडं बघतात. अणदूरला एका मास्तरीणबाईंना फांदी दिली होती, तर सोलापूरला जाताना मधेच उतरून तिला बघून आले आणि मागच्या गाडीनं पुढं गेले. कुणाकडं पहिलं फूल आलं की काकू खण-नारळ घेऊन जाणार. खण निवडुंगाला, नारळ घरच्यांना. मी लई हसायची यावर.

आणखी एक खोड सांगायची राहिली. नागपंचमीला गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. त्या दिवशी अप्पा सकाळपासून स्टँडवर. येणाऱ्या गाडीतून दुसऱ्यांच्या लेकींच्या पिशव्या उतरवून घ्यायच्या, लेकरं कडेवर घ्यायची. कंडक्टरची सवय सुटत नाही, असं आम्ही म्हणायचो.

यंदा आषाढात अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोघं सोलापुरात भाच्याकडं राहिले. जाताना मला बजावून गेले, पावसाळी हवा हाय, पाण्याचा थेंब नको. मी थेंब घातला नाही. पण आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि नळ आला की घरातलं उरलेलं पाणी एका क्षणात शिळं होतं. ते ओतून हंडे विसळायचे, नवं भरायचं, अशी रीत. एरवी ते शिळं पाणी नालीत जातं. यंदा प्रत्येकीला वाटलं, अप्पा घरी नाहीत, झाड बिचारं तहानलं असेल. मी आत पाणी भरत असताना गल्लीतल्या बाया एकेक तांब्या घालून गेल्या. आमच्या सासूबाईंनी तर घागर रिती केली. घरच्या झाडाला हात लावायची बंदी, म्हणून सगळी माया तिकडं.

अप्पा पंचमीच्या दहा-बारा दिवस आधी परतले. डब्यातून वास येत होता. वेणीला बोट लावलं तशी ती मुळापासून गळून हातात आली, मग दुसरी. आत नुसता चिखल. अप्पा काळा चष्मा लावून, रिकामा डबा मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिले. जेवायला उठले नाहीत.

संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या. म्हणाल्या, "आमास्नी लेकरू न्हाय, हे गल्लीला ठावं हाय. पर पंचमीला हे स्टँडवर का जातेत, ते कुणी इचारलं न्हाय. घरात बसवत न्हाय त्यांना त्या दिवशी." एवढंच बोलून त्या पातेलं घासायला गेल्या. मला मशीनवर बसवेना. खण-नारळावर मी किती हसले होते.

रात्री मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठून म्हणाल्या, कातर दे. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः घरोघर फिरल्या आणि मला अणदूरला फोन करायला लावला.

पंचमीला सकाळी अप्पा नेहमीसारखे स्टँडवर निघाले होते. डाक्टरनं धूळ चालणार न्हाय म्हणलंय, असं सांगून काकू त्यांना थोपवत होत्या, तेवढ्यात बाया आल्या. प्रत्येकीच्या हातात वर्तमानपत्राची पुडी. मास्तरीणबाई एसटीनं आल्या होत्या, अख्खं झाडच मांडीवर घेऊन. त्यांना म्हणे फांदी तोडवेना.

सासूबाईंनी आमची पुडी पुढं केली. "पंचमीला आल्यात पोरी तुमच्या. घ्या."

अप्पांनी एकेक पुडी सोडली. पंचमीला काही कापायचं नसतं, त्यामुळं सगळ्यांनी आधीच कापून ठेवलेल्या. अप्पा प्रत्येक फांदीच्या टोकावरून अंगठा फिरवत होते. टोक कोरडं, खपली धरलेली. एकही ओली नव्हती. चष्म्याखालून पाणी ओघळलं आणि ते पुसायला त्यांनी तोच हात वर नेला.

काकूंनी तो हात धरला, पदरानं गाल टिपले आणि आम्हाला म्हणाल्या, "डोळ्यात पाणी चालायचं न्हाय अजून त्यांच्या. बसा समद्या. वाळू द्या, मग बघू."