खोलीत मी एकटीच आहे

"गोपनीयता? अगं, माझ्या खोलीतून माझी सावलीसुद्धा मला विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही!" ताई फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "तो भाग तर मी डोळे मिटून पास होईन!"

ताई समुपदेशक होती, तीही ऑनलाइन. लोक आपापल्या घरून तिला लॅपटॉपवर भेटत, रडत, सावरत आणि "येते ताई" म्हणून बटण दाबत. हळूहळू शेजारीही तिला ताई म्हणू लागले. एकदा चुकून नवराही म्हणाला. त्यानंतर दोन दिवस त्याने स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला.

तर हे काम चालू ठेवायचं, तर दर दोन वर्षांनी पुन्हा विद्यार्थी व्हावं लागे. घरबसल्या धडे वाचायचे, प्रश्न सोडवायचे आणि शेवटी परीक्षकासमोर प्रात्यक्षिक. परीक्षक क्लायंट होणार, ताई ताई होणार. या खेपेचं प्रात्यक्षिक मंगळवारी होतं आणि ताईच्या प्रमाणपत्राची मुदत त्याच मंगळवारी संध्याकाळी संपत होती. आणि बुधवारी सकाळी तिची एक क्लायंट येणार होती, जी गेले कित्येक महिने कॅमेरा बंद ठेवूनच बोलत होती आणि मागच्या खेपेला म्हणाली होती, "ताई, पुढच्या बुधवारी मी दिसेन."

प्रमाणपत्र नसेल, तर बुधवारी ताईच दिसणार नव्हती.

*

प्रश्न. क्लायंट वारंवार "सगळं ठीक आहे" असं म्हणते. आपण काय समजाल?
(अ) सगळं ठीक आहे.
(आ) काहीतरी ठीक नाही.
(इ) तिला कुणीतरी हे म्हणायला लावत आहे.

ताईने (इ) दाबलं. बरोबर! हा प्रश्न ज्याने काढला तोच तिचा परीक्षक होता, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

*

मंगळवार, सकाळ. बंदोबस्त.

धड्यात लिहिलं होतं, दाराबाहेर एकसुरी आवाजाची सोय करावी, म्हणजे आतलं बोलणं बाहेर जात नाही. ताईने दाराबाहेर उभा पंखा लावला. पंखा जुना होता. तो चालू झाला की घर आता विमानासारखं उडणार असं वाटे.

पंख्याशेजारी खुर्ची. खुर्चीत सासूबाई.

"आई, कुणालाही आत सोडायचं नाही."

"मुंगी जाणार नाही!"

"आणि मी आतून काहीही म्हटलं, तरी दार उघडायचं नाही. मागच्या वेळी मी घाबरून अर्ध्यातून उठून आले होते, आठवतंय ना?"

"आठवतंय तर! या वेळी उठून दाखव."

मग ताई नवऱ्याकडे वळली. "आणि तू. परीक्षा चालू असताना खोलीत पाऊल टाकलंस ना, तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही!"

"मी कशाला टाकतोय पाऊल?" नवरा म्हणाला. तो खरंच बोलत होता. त्याला तेव्हा माहीत नव्हतं की आपल्या लॅपटॉपचा चार्जर त्याच खोलीत, खिडकीखाली राहिलाय.

*

आता ताईला जे माहीत नव्हतं ते सांगून टाकू. उगाच रहस्य राखण्यात अर्थ नाही.

ताई पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात गेली. सासूबाई चष्मा आणायला गेल्या. तेवढ्यात नवरा खोलीत शिरला, खिडकीखाली वाकला, चार्जर उचलला, आणि त्याला ताईची पावलं ऐकू आली.

शहाणा माणूस म्हणाला असता, "चार्जर न्यायला आलो होतो." पण परीक्षा अजून सुरू झालेली नव्हती एवढासा विचार करायलाही धीर लागतो. नवरा पडद्यामागे गेला. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. नवरा पोचत होता.

ताई आत आली. दार लोटलं. सासूबाई परत आल्या, चष्मा लावला, कामाला लागायचं तर नीट लागावं म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि पंखा तीनवर केला.

*

"नमस्कार," परीक्षक म्हणाले. गोल चेहरा, गळ्यापर्यंत बटणं. "आधी गोपनीयता. खोलीत आणखी कुणी?"

"खोलीत मी एकटीच आहे!" ताई ठासून म्हणाली. "शंभर टक्के!"

"छान. लॅपटॉप उचलून जरा खोली फिरवून दाखवा."

ताईने लॅपटॉप उचलला. आरती ओवाळावी तसा सावकाश फिरवला. कपाट, पलंग, भिंत, खिडकी, पडदा...

"थांबा," परीक्षक म्हणाले. "जरा मागे घ्या. खाली."

पडद्याखाली दहा बोटं होती. ताई लॅपटॉपच्या मागच्या बाजूला होती, तिला स्क्रीन दिसत नव्हती आणि उघड्या लॅपटॉपच्या आड खालचंही काही दिसत नव्हतं. पण परीक्षकांना दिसली. त्यातल्या एका अंगठ्याने दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला खाजवलंसुद्धा.

ताईने लॅपटॉप टेबलावर ठेवला, तेव्हा परीक्षकांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता आणि आवाज कापसासारखा.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. तुम्ही सुरक्षित आहात ना?"

अरे वा, ताईच्या मनात आलं. हा गृहस्थ क्लायंटच्या भूमिकेत शिरलासुद्धा! भेदरलेला आवाज, वर-खाली होणारा गळा. मुरलेला नट दिसतो. ती खुर्चीत सावरून बसली.

"तुम्हाला भीती वाटतेय," ती मायेने म्हणाली.

"मला नाही. तुम्हाला!"

"स्वतःची भीती दुसऱ्याची म्हणून सांगणं सोपं जातं कधीकधी. चालेल. आपल्याला घाई नाही."

"ताई, तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का?"

"दडपण. हा शब्द तुम्ही वापरलात. त्याबद्दल आणखी सांगाल?"

"मी कशाला सांगू! तुम्ही सांगा!"

"रागही येतोय," ताई समाधानाने म्हणाली. "येऊ दे. इथे सगळं चालतं. सगळं ठीक आहे."

परीक्षकांनी कपाळाचा घाम पुसला. ती "सगळं ठीक आहे" म्हणाली होती. एकदा.

"बरं, असं करा," ते म्हणाले. "सहज उठा, दार उघडा आणि खोलीबाहेर जाऊन या."

हाही परीक्षेचाच भाग असणार! ताई उठली. दार ओढलं. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं.

"उघडत नाहीये सर. बाहेरून कडी दिसतेय."

"कुणी घातली?"

"सासूबाईंनी असेल. पण सगळं ठीक आहे हं."

दोनदा.

दाराचा खडखडाट पंख्याच्या घरघरीतूनही बाहेर पोचला. सासूबाईंनी ओळखलं की सूनबाई पुन्हा घाबरली. त्या पंख्याच्या वरताण ओरडल्या, "कितीही आपट! मागच्या वेळी पळालीस, आज पळू देणार नाही! काम पुरं केल्याशिवाय सुटका नाही तुझी!"

परीक्षकांनी हे शब्द न् शब्द ऐकले. जुना पंखा असला तरी लॅपटॉपचा माइक नवा होता.

"सर, तुमचा गैरसमज होतोय," ताई म्हणाली. "त्या स्वभावाने फार चांगल्या आहेत. मीच त्यांना सांगितलंय की मला बाहेर येऊ देऊ नका. खरंच सगळं ठी

*

(इथे नेट गेलं.)

*

(अजून गेलेलंच आहे. ताई स्क्रीनवर तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठली होती. हात पुढे, डोळे वर. चांगल्या माणसाचाही फोटो अशा वेळी वाईट येतो.)

*

क आहे!" ताई म्हणाली. तिसऱ्यांदा. पण मधल्या वेळात परीक्षकांनी नियमाप्रमाणे दोन कामं उरकली होती. एक, जवळच्या मदत केंद्राला ताईचा पत्ता कळवला. दोन, संकटकाळी कळवायचं म्हणून ताईने दिलेला नंबर फिरवला.

पडद्यामागे कोंबडा आरवला.

ताई दचकली. या घरात कोंबडा एकच होता आणि तो नवऱ्याच्या फोनमध्ये होता. ती गर्रकन वळली. पडदा थरथरला.

"हॅलो?" पडदा कुजबुजला. सवय! फोन वाजला की उचलायचा.

"तुम्ही या बाईंचे पती का?" परीक्षक फोनवर विचारत होते.

"हो. पण मला आत्ता बोलता येणार नाही. ती इथंच आहे."

"तुम्ही आहात कुठे?"

नवऱ्याने विचार केला. "बाहेर," तो म्हणाला.

त्याचं "बाहेर" परीक्षकांना एका कानाने फोनवरून आणि दुसऱ्या कानाने लॅपटॉपवरून ऐकू आलं.

"अरे!" ताई किंचाळली. "तू आत काय करतोयस?"

"चार्जर!" नवरा ओरडला आणि पुरावा दाखवायला पुढे झाला. पडदा त्याच्या पायात आला, दांडी खाली आली, आणि तो पडद्याची खोळ डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांत वायर धरून खोलीच्या मध्यभागी प्रकट झाला.

"वायर!" लॅपटॉप ओरडला. "ताई, मागे व्हा! त्याच्या हातात वायर आहे!"

*

दाराबाहेर काय झालं ते ताईला नंतर समजलं. सासूबाईंनी ते आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितलं, की आता त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

मदत केंद्राची एक बाई आणि गणवेशातला एक माणूस आले.

"आत एक महिला आहे का?"

"आहे की. सून आहे माझी."

"तिला बाहेर येऊ द्या."

"मुळीच नाही! तिनंच सांगितलंय, सोडू नका."

"असं सगळेच सांगतात, आजी."

"आजी कुणाला म्हणता? तुमच्या टकलापेक्षा माझे केस काळे आहेत!"

गणवेशातल्या माणसाने विषय बदलला. "हा पंखा दाराला तोंड करून का लावलाय?"

"तिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून," सासूबाई म्हणाल्या. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

पुढच्या क्षणी कडी निघाली.

*

मदत केंद्राच्या बाईने प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं. "सगळं ठीक आहे" म्हणायला तिघांनाही बंदी होती. ताईचं सांगून झालं. सासूबाईंचं सांगून होता होईना. नवऱ्याचं सगळ्यात आटोपशीर होतं.

"पडद्यामागे का लपलात?"

"बायको येत होती."

"मारते?"

"नाही हो!"

"मग?"

"येत होती," नवरा म्हणाला. याहून नेमकं त्याला सांगता येईना. बाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एक ग्लास पाणी दिलं.

दुपारी परीक्षकांचा फोन आला. 

"ताई, प्रात्यक्षिकात तुम्ही उत्तम पास! घाबरलेल्या माणसाला इतकं शांतपणे हाताळणारं मी कुणी पाहिलं नाही."

"पण सर, तुम्ही अभिनय..."

"अभिनय कसला! हातपाय गळाले होते माझे. तुम्ही 'घाई नाही' म्हणालात तेव्हा जरा बरं वाटलं." ते खाकरले. "गोपनीयतेत मात्र नापास. संध्याकाळच्या आत तो धडा पुन्हा करा. मी एक प्रश्न बदललाय. नवीन उदाहरण घातलंय. तो बरोबर आला तरच प्रमाणपत्र निघेल. चूक झाली तर पुढची संधी महिन्याने."

महिन्याने! ताईच्या डोळ्यांसमोर बुधवार आला. तो बंद कॅमेरा आला.

*

संध्याकाळ. सगळे प्रश्न झाले होते. शेवटचा उरला होता. नवऱ्याने दार वाजवलं, "येऊ का?" विचारलं, "ये" ऐकलं, पुन्हा एकदा "नक्की?" विचारलं, आणि चहा घेऊन आत आला. दोघांनी मिळून वाचलं.

प्रश्न. एका महिलेला खोलीत कोंडलेलं आहे. दाराबाहेर एक करारी आवाज पहारा देत आहे. पडद्यामागे एक पुरुष आहे. हा पुरुष कोण?
(अ) हल्लेखोर.
(आ) घरातलाच निरुपद्रवी माणूस.
(इ) दुसरा पीडित. त्यालाही मदतीची गरज आहे.

"(आ)," ताई म्हणाली. "सरळ आहे. मी तुला ओळखत नाही होय?" तिचं बोट बटणाकडे निघालं.

"थांब," नवरा म्हणाला.

"का?"

"(इ) दाब."

"काहीतरीच! पीडित म्हणे! तू?"

"दाब म्हणतो ना."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. नवरा स्क्रीनकडे पाहत होता. वर्षानुवर्षं हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात दिसावी, तसं. तिने बुधवारचं नाव घेतलं आणि (इ) दाबलं.

हिरवी खूण! अभिनंदन! प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी! ताई खुर्चीतून उडालीच. "कसं रे कळलं तुला?"

"असंच," नवरा म्हणाला. त्याने रिकामा कप उचलला, दारापाशी गेला, उघडणार तोच थबकला, आणि आतूनच दार वाजवलं.

"कोण आहे?" बाहेरून सासूबाई ओरडल्या.

"मी," नवरा म्हणाला. "येऊ का बाहेर?"