रंभाजीअण्णांना आदेश दाखवा

नव्या पोलीस पाटलाच्या सत्कारात माझ्या हातून घोटाळा झाला. हार मीच घातला, सूत्रसंचालनही माझंच. भरात येऊन मी शेजारच्या रंभाजीअण्णांच्या हातात माईक दिला. "अण्णा, दोन शब्द बोला."

अण्णा दोनच बोलले. "आदेश दाखवा."

पाटलांनी गळ्यातला हार चाचपला, जणू आदेश त्यातच कुठंतरी अडकलाय.

तेव्हापासून अण्णांना हे खूळच लागलं. एसटीत नवा कंडक्टर दिसला, की तिकिटाआधी त्याच्या नेमणुकीचा आदेश. माझा जावई पहिल्यांदा घरी आला, तर त्याला म्हणाले, "जावई व्हय? कुनी नेमलं?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी बायकोकडं.

पुढं अण्णांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पाटलाच्या भरतीत सगळ्या उमेदवारांना किती गुण पडले, ते द्या. त्यांची लेक अश्विनीही त्या परीक्षेला बसली होती. प्रांत ऑफिसनं कळवलं, ही माहिती खासगी आहे. गावाचा पाटील कसा निवडला, हे गावालाच कळू नये, इतकी खासगी! मग कळवलं, फाईल सापडत नाही. अण्णांनी अपील केलं, तशी सापडली. अपिलाचा वास आला की हरवलेल्या फायली आपल्या पायांनी घरी येतात.

ती बघायला अण्णांनी मला सोबत नेलं. कारकून कुरकुरला, "काका, कशाला जुनं उकरताय?"

"कागुद हाय, मढं न्हाई. काढा."

अश्विनी लेखीत पहिली होती. तोंडीत सगळ्यांच्या शेवटी. आमचे पाटील लेखीत काठावर, तोंडीत पहिले. म्हणजे साहेबांना तोंड पसंत पडलं होतं.

मीच तापलो. "अण्णा, खेचा कोर्टात!"

अण्णांनी त्या एकाच पानाची शिक्क्याची नक्कल घेतली. घडी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"कोर्टाचं बघू म्होरं. आदी पोरीला दावतो. ती सुप्याला कंपनीत खोकी भरती. म्हनती, अण्णा, मलाच काय येत न्हवतं. तवापासून पुस्तकाला हात लावला न्हाई तिनं."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"म्हणजे त्या दिवशी माईक बरोबर माणसाला दिलात," ती म्हणाली. "हार तेवढा चुकला."