पुरसोतात्याचा मणका

पुरसोतात्या रोज सकाळी स्वतःची कंबर वाजवून बघतो.

पडवीच्या खांबाला डावा हात धरायचा, उजव्या हाताची मूठ मागे न्यायची आणि बोटांच्या पेरांनी कमरेवर तीन ठोके द्यायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले. आवाज भरीव आला तर चहा पडवीत खुर्चीवर बसून. जरा पोकळ वाटला तर चहासुद्धा आडवं पडून. आडवं पडून बशीतला चहा माणूस कसा पितो हे मी पाहिलं आहे, त्याचं वर्णन नको. मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका रस्त्यावरूनच विचारतात, "तात्यानू, आज आवाज कसो आसा?" तात्या थट्टा ओळखतो, पण उत्तर देतो. "भरीव आसा. उद्याचा सांगाक येणा नाय."

ही खोड त्याच्या धंद्यातली. तात्याने चाळीस वर्षं आचऱ्यातल्या माडांवर चढून नारळ पाडले. चढण्याआधी तो कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर तीन ठोके द्यायचा. भुंगा लागलेला माड बाहेरून हिरवागार दिसतो, नारळही धरतो. आत मात्र भुसा झालेला असतो. तात्याने कान लावून "ह्येका नको" म्हटलं की मालकाने गप्प बसायचं. असा माड पुढच्या वाऱ्याला पडलेला मी दोनदा पाहिला आहे.

आता तो स्वतःला तसाच वाजवतो, आणि सहा वर्षं तो एकदाही वाकला नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही. चपला आकडीने ओढतो. ही आकडी म्हणजे आंबे काढायच्या काठीचा हातभर तुकडा, आणि ती त्याच्या काखेत कायम असते. पडलेली काडेपेटी पायाच्या अंगठ्यात धरून ढोपरापर्यंत आणतो आणि तिथून हाताने झेलतो. कुत्र्याला भाकरी वरून टाकतो. ते कुत्रं आता खाली पडलेलं काही खातच नाही, तोंड वर करून उभं राहतं.

शिंक ही तात्याच्या लेखी डोक्यात नारळ पडण्याइतकी गंभीर बाब. ती येतेय असं वाटलं की तो हात वर करून समोरच्याचं बोलणं थांबवतो, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारतो आणि शिंकतो. मग थोडा वेळ कोणी हलायचं नाही. शेवटी तो डोळे उघडून म्हणतो, "रवलो." म्हणजे मणका जागेवर राहिला. मग राहिलेलं वाक्य पुरं करायला आपल्याला परवानगी.

देवळातही तो ताठ उभ्यानेच नमस्कार करतो. एका वर्षी जत्रेला त्याने मानकऱ्यांना गळ घालून आपल्या नावाचं गाऱ्हाणं घालायला लावलं. मानकरी भले गृहस्थ. त्यांनी नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या एल चार, एल पाचाची राखण कर रे म्हाराजा," आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा." मागून कोणीतरी खुसखुसलं. तात्या हसला नाही. त्याच्या ताठ मानेवर घामाचे थेंब होते. मी शेजारीच होतो, म्हणून दिसले.

त्याच्या मणक्याचा एमआरआयचा फोटो पडवीच्या खिडकीला लावलेला आहे, उजेड मागून यावा असा. पाहुण्याला आधी तो दाखवायचा, मग पाणी विचारायचं. तात्या आकडीचं टोक नेमकं एल चार आणि एल पाच, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये टेकवतो. "ही गादी. ही हयसर काळी पडली. भायेर इली. शिरेक टेकली. आतून भुसो." पाहुणा घाबरून विचारतो, कोण म्हणालं. तात्या अभिमानाने सांगतो, "मास्तरान वाचल्यान."

तो मास्तर मी.

हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. मी फारसा बोलत नाही, आणि न बोलणाऱ्याला गावात शहाणं समजतात, हा माझा आजवरचा फायदा. वाडीतले सगळे रिपोर्ट माझ्याकडे यायचे. साखरेचे, रक्ताचे, छातीच्या ईसीजीच्या पट्टीचे. मी चष्मा लावायचो, वेळ घ्यायचो, मान हलवायचो. समोरच्याचा श्वास अडकलेला असायचा, आणि तो मी सोडेपर्यंत अडकलेलाच राहायचा. हे मला आवडायचं. लिहायला लाज वाटते, पण आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी नारळांची गोण उचलताना तात्याची कंबर जागीच धरली. एमआरआय झाला, आणि रिपोर्ट डॉक्टरांआधी माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं की चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीची झीज झाली आहे, ती थोडी फुगली आहे आणि नसेवर किंचित टेकते. शब्दांचा अर्थ मला लागत होता. ते किती वाईट, याची मला काडीची कल्पना नव्हती. "मला माहीत नाही" एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी चष्मा पुसला आणि त्याला कळेल असं उदाहरण शोधलं.

"तात्या, आतून पोकळ झालेलो माड बघितलास मा? तसा समज. वाकू नको, उचलू नको. एक झटको बसलो तर पाय जातले."

हे उदाहरण दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर चार दिवसांत विसरला असता. मी ते नेमकं त्या एका माणसाला दिलं, ज्याने असे माड पडताना आयुष्यभर पाहिले होते. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मागे हात नेला आणि पहिल्यांदा कंबर वाजवली.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. तात्या गेलाच नाही. मास्तरने सांगितलं, आता डॉक्टर कशाला.

दोन वर्षांनी माझी कंबर धरली. मी कणकवलीला एमआरआय काढला आणि पाकीट उघडलं तर जवळजवळ तीच वाक्यं. तीच गादी, तोच फुगवटा. गाडीत बसून मी मागे हात नेऊन ठोका दिला. मीसुद्धा.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी फोटो पाहिला, बाजूला ठेवला आणि माझे पाय तपासायला घेतले. बोटांवर उभं केलं, टाचांवर चालवलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या वयाच्या आणि कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या फोटोतसुद्धा हे दिसतं. केस पिकतात तसं. तुम्हाला दुखतं ते खरंच आहे, पण आत काही कोसळत नाहीये. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर धावत या. एरवी चाला, वाका, हळूहळू उचला. घाबरून ताठ राहिलात तर जास्त दुखेल."

घरी येताना मी ठरवलं, आधी तात्याकडे जायचं. गेलो. तो अंगठ्यात काडेपेटी धरून उभा होता आणि काकी, त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडत होती, "अहो, ठेया ती, मी येतंय." मला बघून तात्या म्हणाला, "बघ, मास्तर इलो. तेच्यामुळे मी अजून पायार उभो आसय." मी चहा घेतला आणि घरी गेलो. उद्या सांगू, म्हटलं.

तो उद्या चार वर्षं आला नाही. गावात तोंड दाखवायची भीती, एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

मधे काकी गेली. सकाळी विळीवर खोबरं खवत होती, छातीत कळ आली म्हणून उठून आत पडली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. तिला जमिनीवर घेतलं. तोंडात पाणी घालायला तात्याला पुढे केलं. तो पळी घेऊन तिच्या उशाशी उभा राहिला. बसेना. वाकेना. शेवटी त्याने उभ्यानेच पळी कलती केली. पाणी तोंडात गेलं नाही, गालावरून कानाकडे ओघळलं. तिरडी उचलताना तो खांदा द्यायला सरकला, तर चौघांनी अडवलं, "तात्या, तू नको. तुजो मणको." मी दाराशी होतो. मला माहीत होतं. मी पुढे झालो आणि त्याच्या जागी खांदा दिला.

ती विळी तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मधोमध तशीच उभी होती. आमच्याकडे काम झालं की विळी आडवी करतात, उभी ठेवत नाहीत. पातं गंजलं होतं. येणारे-जाणारे वळसा घालायचे. मी दोनतीनदा उचलायला गेलो, तर तात्याने आकडी आडवी घातली. "माज्या घरातला मी उचलतलंय. वाकाक येतला तेव्हा."

गेल्या महिन्यात तात्याने सांगावा धाडला. पडवीत शेजारची सुमन बसली होती, हातात पाकीट. लोकांच्या शेतात वाकून भाताच्या रोपांचा तरवा लावून घर चालवणारी बाई. तिची कंबर महिनाभर दुखत होती. तात्याने तिला आधीच फोटो दाखवला होता, कारण ती भिंतीला पाठ लावून फळीसारखी ताठ झाली होती. "मास्तर वाचतलो," तात्या तिला सांगत होता. "मगे वाकणा बंद. जीव रवलो म्हणजे झाला."

सुमनने पाकीट पुढे केलं. तिचा श्वास अडकला होता. मला तो ओळखीचा होता.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "माका ह्या वाचाक येणा नाय, सुमन. डॉक्टरांक दाखव. आणि तोपर्यंत कोणाचाच ऐकू नको, माजापण."

ती गेली.

मग मी तात्याला सांगितलं. उभ्यानेच, त्या फोटोकडे बघत. भुंगा नव्हता. कधीच नव्हता. मला माहीत नव्हतं तरी मी बोललो, आणि माहीत झाल्यावर गप्प राहिलो. कणकवलीचं सगळं सांगितलं. तात्या मधे एकच बोलला.

"मगे दुखता ता?"

"ता खरा. पण आत काय मोडणा नाय."

"तुका कळला कधी?"

"चार वर्सा झाली."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे ती आसताना."

"व्हय."

मला वाटलं आकडी डोक्यात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तात्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि आत चालू लागला. मी मागून. विळीपाशी तो थांबला. दाराची चौकट धरली, सोडली, परत धरली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एक गुडघा टेकायला केवढा वेळ लागला, सांगता येत नाही. दुसरा टेकला. तोंडातून एक आवाज निघाला आणि तो जमिनीवर बसला. सहा वर्षांनी.

डोळे मिटून तो बराच वेळ हलला नाही. मी जागचा हललो नाही. "रवलो," तो म्हणाला.

मग त्याने विळीच्या पाटावर तळवा ठेवला. काकी जिथे पाय ठेवायची तिथलं लाकूड झिजून खोलगट झालंय, तिथे त्याचा हात राहिला. कधीतरी त्याने विळी हळूच कलती केली आणि आडवी ठेवली. लहान मूल निजवावं तशी.

"मास्तर," त्याने वर न बघता विचारलं, "माका आता उठाक येतला मा?"

येतला, म्हणायला माझं तोंड उघडलं होतं.

"तुका म्हायत आसा, काय तेव्हासारख्या सांगतस?"

"म्हायत नाय," मी म्हटलं.

तात्याने शेजारची जमीन हाताने पुसली.

"मगे तूपण बस हयसर."