नानांची हौदातली मंडळी

आमच्या लोणच्याच्या कारखान्यात आल्या आल्या नाना कोणाला रामराम करत नसत. आधी मागच्या हौदाशी जायचे, वाकून वास घ्यायचे आणि विचारायचे, "काय मंडळी, जेवलात का?" हौदात चार बुडबुडे आले की स्वारी खूश. मग आमचा रामराम.

मंडळी म्हणजे जिवाणू, साध्या डोळ्यांना न दिसणारे. नाना मूळचे सावद्याचे, कारखान्याचे केमिस्ट. मी गोदाम सांभाळायचो. जळगावच्या वेशीबाहेरची, सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. हौदातल्यांना कोणी जंतू म्हटलं की नाना चिडत. "जंतू आजाराचे असतात, वसंतराव. ही कामाची माणसं." माणूस मोठा गप्पिष्ट, पण जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन एकटाच हौदाच्या कट्ट्यावर बसायचा.

या मंडळींची गरज पडली ती सुपडूभाऊंमुळे. कैरी मिठाच्या पाण्यात मुरली की पिंपातलं उरलेलं आंबूस पाणी आम्ही नाल्यात सोडायचो, आणि नाला जायचा शेजारी सुपडूभाऊंच्या केळीच्या बागेत. एका सकाळी ते करपलेलं केळीचं झाड खांद्यावर घेऊन आले आणि थेट शेठजींच्या गादीवर टाकलं.

"शेठ, तुमना पानीघाई मनी बठ्ठी केळ जळी गयी! आते मी कलेक्टरकडे जास!"

शेठजींनी हातापाया पडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आणि नानांना बोलावलं. "तोवर पाण्याचं काही झालं नाही, तर कैरीचं काम बंद." फोडी करणाऱ्या साऱ्या बायकांची चूल त्या कामावर पेटत होती.

नानांचा बेत सरळ होता. पाणी बाहेर सोडायचंच नाही. त्यातली घाण मंडळींनी खायची आणि निवळलेलं पाणी पुन्हा पिंपं धुवायला घ्यायचं.

"आणि मीठ?" शेठजींनी विचारलं.

"मीठ कुठं जातंय? ते पाण्यातच राहणार. म्हणून तर नाल्यात सोडायचं नाही."

शेणकाला, नाल्याचा गाळ आणि गूळ घालून नानांनी मंडळी पोसली. हवा मिळावी म्हणून स्वतः बांबूने ढवळत बसायचे. हौद छान बुडबुडायला लागला. पण सुपडूभाऊ रोज दारात येऊन उभे, शेठजींना घाई. नानांनी पिंपांतलं सगळं खारं पाणी एकदम हौदात सोडलं. दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की बायका नाकाला पदर लावून काम करू लागल्या.

"सगळी गेली," नाना म्हणाले आणि घरातलं माणूस गेल्यासारखे भिंतीला टेकून बसले.

शेठजी पक्के जैन. त्यांचा चेहराच उतरला. "किती जीव गेले, नाना?"

"मोजता येत नाहीत, शेठजी."

शेठजींनी दुसऱ्या दिवशी उपास धरला आणि हा उद्योग पुन्हा नको म्हणून बजावलं. नाना हात जोडून उभे राहिले. "चूक माझी. एकदम खारट दिलं. निदान मला तरी हे कळायला हवं होतं. या वेळी चिमूट चिमूट वाढवीन."

शेठजींनी हौदात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "एकही उपाशी राहता कामा नये."

नानांनी शेणकाला घालून नवी मंडळी पोसली आणि शब्द पाळला. पर्युषणात कारखान्याला कुलूप होतं, तरी नाना रोज गुळाचा खडा घेऊन हजर. आज घागरभर खारं पाणी, ते पचलं की थोडं जास्त. मंडळींना खारटाची सवय लागत गेली आणि दिवाळीच्या तोंडावर हौदातून नितळ पाणी यायला लागलं. त्याच पाण्याने आम्ही पिंपं धुतली. नाला कोरडा पडला. सुपडूभाऊंनी नाल्यात उतरून वास घेतला. "नाना, आते वास नही शे!" संध्याकाळी केळीचा घड घेऊन आले.

शेठजींनी सगळ्यांना वरण-बट्टी घातली. नाना मात्र आपला डबा घेऊन कट्ट्यावर. मला राग आला. पंक्तीचा मान ज्याचा, तोच बाजूला! मी शेजारी जाऊन बसलो आणि त्यांच्या डब्यातल्या भाजीचा घास हक्काने तोंडात टाकला. ठार अळणी.

"नाना, लोणच्याच्या कारखान्यात राहून हे?"

"आमच्या हिला मूत्रपिंडाचा आजार होता. डॉक्टरांनी मीठ तोडलं. पहिल्या दिवशी तिने ताटच सरकवलं. मग रोज चिमूट चिमूट कमी केलं, तेव्हा जेवायला लागली." हौदाकडे बघत ते हसले. "ती एकटी अळणी कशी खाणार? म्हणून मीही."

त्या वहिनी जाऊन काही वर्षं झाली होती.

"पण आता तर मीठ खाल्लं तरी चालेल ना?"

"चालेल. पण ते पुन्हा चिमूट चिमूटच सुरू करावं लागेल. त्याला समोर कुणी जेवायला हवं, वसंतराव."

मला फार वाईट वाटलं. इतकी मंडळी पोसणारा हा माणूस रोज घरी एकटा जेवत होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन कट्ट्यावर गेलो. बायकोला सांगून भाजीत मीठ अगदी चिमूटभर घालून घेतलं होतं. भाजी पुढे सरकवली. नानांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झाली," म्हणाले, आणि पुन्हा हात पुढे केला.