पांढऱ्या साड्यांतलं जांभळं फडकं

०:५२

मशीनच्या काचेमागे पांढरं फिरत होतं. पांढरं, पांढरं, जांभळं, पांढरं.

सुधीरने डोळे चोळले. पांढरं म्हणजे शेजारच्या केशरमावशींच्या दोन साड्या, उद्या बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायच्या. आणि जांभळं म्हणजे मायक्रोफायबरचं फडकं. परवा गॅसवरच्या चिमणीची तेलाची वाटी त्याने ह्याच फडक्याने पुसली होती.

पुसायची बारा फडकी. बायको मेघना टिटवाळ्याला माहेरी जाताना म्हणालेली, "ती चिकट फडकी टाकून दे." पण सुधीरने व्हिडिओ बघितला होता. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड, रात्रभर भिजवणं, दोनदा पिळणं. इथे दिवा गावात एक दिवसाआड पाणी येत असताना त्याने त्यावर पाच बादल्या घालवल्या होत्या. फडकी नव्यासारखी झाली. तसा त्याने फोटोही पाठवला मेघनाला. "पुन्हा तीनशे वेळा वापरता येतात," असं खाली लिहिलं.

आता त्याने बाल्कनीतल्या दोरीवरची फडकी मोजली. अकरा. बारावं मघाशी इथेच खुर्चीवर घडी घालून ठेवलं होतं.

नव्यासारखी झाली म्हणजे दिसायला. कडक गरम पाण्यात आतलं तेल पुन्हा सुटलं तर? हा प्रश्न फोटो पाठवताना त्याला पडला नव्हता.

०:४७

मशीनचं दार मधे उघडत नाही. बंद केलं तर आतलं पाणी सगळं गटारात जातं, आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला टाकीतलं पाणी पुरलं नसतं. पुढचं पाणी उद्या संध्याकाळी. विहारातली वंदना सकाळी आठला. म्हणजे साड्या एक तर फडक्याबरोबर धुतल्या जाणार, नाहीतर साबणात तशाच राहणार.

हॉलमधून मावशींचा आवाज आला. त्यांचं मशीन बिघडलं होतं म्हणून त्या इथे आल्या होत्या.

"सुधीर, झाकण नीट लागलंय ना रे?"

"लागलंय मावशी! एकदम घट्ट!"

"बघते मी."

चपला सरकल्या. सुधीर पटकन मशीनसमोर खाली बसला आणि काचेला पाठ लावली.

०:४१

"असा काय बसलायस?"

"पाठ धरलीये. थरथर बरी वाटते."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसल्या.

"सरक जरा. माझी कंबर दोन वर्षं धरलीये, कोणी सांगितलं नाही असं."

दोघं मशीनला पाठ लावून बसले. समोर गॅस, गॅसवर लखलखीत चिमणी.

"चिमणी काय चमकवलीयस रे! मेघना नशीबवान आहे."

सुधीरने फोन काढला.

०:३६

*मेघना, एक फडकं मावशींच्या साड्यांत गेलंय.*

*कुठलं?*

*जांभळं.*

*तेलाच्या वाटीचं????*

*हो.*

*पहिल्या पगाराच्या साडीत???*

सुधीरला हे माहीत नव्हतं. त्याने मान वळवली.

"मावशी, ही साडी..."

"नातीने घेतली, मैथिलीने. नोकरी लागली ना तिला कळव्याला. पहिला पगार हातात आला, तशी सरळ दुकानात गेली पोरगी. आजपर्यंत मला कोणी साडी आणून दिली नव्हती बघ. तिचे आजोबा पैसे द्यायचे, म्हणायचे तूच आण." मावशी थरथरत हसल्या, कारण मशीन थरथरत होतं. "उद्या वंदना मी सांगणार आहे. सगळ्या बायका मागे, मी पुढे. दुसऱ्या कोणाच्या मशीनला दिली नसती. म्हटलं, सुधीर स्वच्छतेचा माणूस."

फोन वाजला. *सांग त्यांना. आत्ता.*

*सांगतो.*

०:२९

सांगितलं नाही.

०:२२

"मावशी."

"काय रे?"

"चहा घेणार?"

"पाणी वाचव."

०:०९

मशीन जोरात फिरायला लागलं. दोघांचे दात वाजायला लागले. मावशी काहीतरी बोलत होत्या, पण शब्दांचे तुकडे पडत होते. सुधीरने ठरवलं, आता आवाज आहे तोवर सांगून टाकायचं. अर्धं ऐकू गेलं तरी सांगितल्यासारखं होईल.

"मावशी, ते फ-फ-फडकं..."

मावशी एकदम सरळ झाल्या.

"बघितलंस तू?"

मशीनचा वेग उतरला.

"माझ्याच हातून गेलं रे आत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू टाकीकडे होतास. मला घाम आलेला. खुर्चीवर तो रुमाल दिसला, इतका मऊ! तोंड पुसलं. मग वाटलं, दुसऱ्याच्या घरचा नवा रुमाल, असा उष्टा करून परत कसा ठेवायचा? म्हणून टाकला साड्यांबरोबर. तुला दिसू नये म्हणून केव्हाची इथे बसलेय. कंबर-बिंबर काही नाही. लाज वाटली रे."

सुधीरच्या तोंडात सगळं वाक्य तयार होतं.

"असू दे मावशी," तो म्हणाला. "होतं असं."

म्हणजे त्याने त्यांना माफ केलं. आपण काय केलं ते कळायला त्याला अर्धं मिनिट लागलं, आणि मग कानापर्यंत सगळं गरम झालं.

०:००

दार उघडलं. मावशींनी नवी साडी उलगडली. पदरावर अंगठ्याएवढा तपकिरी, तेलकट डाग.

"माझ्या डोक्याचं तेल," मावशी म्हणाल्या. "कपाळ पुसलं होतं ना मी."

सुधीर डागाकडे बघत राहिला. ते तेल कुणाच्या डोक्याचं नव्हतं.

तेवढ्यात मैथिली दारातून आत आली. ऑफिसची बॅग अजून खांद्यावर होती. "आज्जी, झाली साडी? निघाला का..." आणि ती थांबली.

"पोरी, माझ्या हातून डाग पडला," मावशी म्हणाल्या. साडीचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. "तुझ्या पहिल्या पगाराची साडी, एकदाही नेसायच्या आधी."

आता गप्प बसणं सुधीरलाही जमेना.

"नाही मैथिली. आज्जीमुळे नाही. खरं म्हणजे ते फडकं..."

"डाग आधीचाच आहे," मैथिली म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"पगार अर्ध्याच महिन्याचा आलेला, आज्जी. पूर्ण आला असं मी सांगितलेलं. दुकानात डागाची साडी स्वस्तात लावलेली. डाग आतल्या घडीत होता. म्हणून म्हटलं धुवून नेस. वाटलं निघेल, तुला कळणारच नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

समोर पोरगी रडत होती, आणि सुधीरच्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे फडक्याने तेल सोडलंच नाही! पाच बादल्या वाया गेल्या नाहीत! मेघनाला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. एवढा आनंद झाल्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"वेडे," मावशी म्हणाल्या. "डाग वर दिसेल असाच पदर घेणार मी उद्या. कोणी विचारलं तर सांगेन, नातीने घेतली." त्यांनी मशीनमध्ये हात घातला, जांभळं फडकं काढलं, पिळलं आणि मैथिलीचे डोळे पुसायला लागल्या. "बघ किती मऊ आहे."

"ते..." सुधीर म्हणाला.

दोघींनी वर बघितलं. फडकं मैथिलीच्या गालावर तसंच टेकलेलं होतं.

"ते राहू दे तुमच्याकडेच," सुधीर म्हणाला. "नवंच आहे."