गरमी हाकलणारे कांबळे मामा

लेकरू लालबुंद झालं, मान टाकली, आन् एसी तर चालूच! मी जिन्यात पळाले न् ओरडले, "मामाऽऽ, मशीन पोरीला भाजून राहिलीय!"

वरच्या मजल्यावरचे कांबळे मामा उतरले. आल्या आल्या पोरीकडं बघितलं न्हाई. आधी भिंतीला तळहात लावला. "एक्केचाळीस." मग पोरीच्या कपाळाला. "साडेअडतीस. भायेर जिन्यात घे, ओलं फडकं फिरव, पाज तिला." आन् भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मामांचं हेच. धर्माबादला बर्फाच्या कारखान्यात जन्म गेला. कशालाही हात लावतील न् आकडा सांगतील. चहा, रिक्षाचं सीट, काय बी. एकदा माझ्या सासूबाई माझ्यावर तापल्या, तर मामा दारातून म्हणले, "पंचाण्णव. उकळायला पाच कमी हायेत, आवरा." पोरीच्या तापाचा आकडा तर मी गुपचूप ताप बघायची काडी लावून पडताळला होता. तंतोतंत! तवापासून मला त्यांची भीतीच वाटती, देवाची वाटती तशी.

त्या दिवशी चूक माझीच होती. आमच्याकडं कूलर हाय, पण त्याला रोज दोन घागरी पाणी. लातुरात नळ कोरडे, टँकर आठ-दहा दिसाला. पोरगी आठ महिन्यांची, अंगभर घामोळ्या. म्हणून नांदेडच्या भावानं चाकाचा एसी पाठवला. त्याला मागं हत्तीच्या सोंडंएवढा पाइप. मला वाटलं, ह्यातून पाणी येणार. मी इथल्याच लातूरकडच्या मुरुडची, आठवी शिकलेली, दुष्काळात पाणी भायेर सोडीन व्हय? सोंड रिकाम्या ड्रममधी घातली, दारं-खिडक्या लावल्या न् पाण्याची वाट बघत बसले.

पोरगी प्यायला लागली, रडली, तवा माझा जीव जाग्यावर आला. मामांनी ड्रममधी डोकावलं. हसले न्हाईत.

"पोरी, थंडी कुणालाच करता येत न्हाई. गरमी हाकलावी लागती. तू तिला ड्रममधी मुरत घातलीस."

"मग पाइप खिडकीतून काढू?"

"काढ. पण हे चाकावालं म्हंजे घरात बसून बिडी ओढणारा पाव्हणा. किती बी हाकला, थोडा धूर घरात ऱ्हातोच. खिडकीवाला पाठ भायेर करून बसतो."

"घरमालक भिंत फोडू देत न्हाई, मामा."

"भिंत कोण फोडतंय? खिडकी काय शोभेला ठिवली?"

संध्याकाळी मामांनी न् आमच्या ह्यांनी मामांच्याच घरचा एसी खाली आणला. खिडकीची काच सरकवून बसवला, फटीला प्लायवूड. हे म्हणले, "आन् तुमाला, मामा?"

"मी बर्फात मुरलेला माणूस. मला काय करायचाय?"

मग कळलं, तो मामींच्या आजारपणात घेतलेला. मामी गेल्या तसा दोन उन्हाळे बंद. मामा रोज नुसता पुसायचे.

तासाभरात पोरगी हातपाय पसरून झोपली. मी मामांसारखा भिंतीला हात लावून बघितला. आकडा न्हाई कळला, पण हात काढू वाटंना.

मामांनी एकच मागितलं. "मागून थेंब थेंब पाणी गळल. तेवढं मला दे." कोरडी हवा, दिवसभरात तांब्याभर बी भरायचं न्हाई. पण बिल्डिंगमधली सगळी झाडं वाळली, मामांच्या गॅलरीतला मामींचा मोगरा तेवढा हिरवा.

एक दिवस सकाळपासून लाईटच न्हाई. एसी बंद, खालचं भांडं कोरडं ठणठणीत. आन् सांजच्याला मामा दारात, हातात तांब्या. मी "आणते" म्हणले, आत जाऊन प्यायच्या घागरीतलं तळाचं पाणी तांब्यात ओतलं न् दिलं. मामांनी सवयीनं बोट बुडवलं.

बोटानं आकडा सांगणारा माणूस!

मामांनी डोक्यावरच्या बंद पंख्याकडं बघितलं. आकडा न्हाई सांगितला, पहिल्यांदाच.

"आज मशिनीनं लई काम केलं, पोरी," म्हणले, न् तांब्या दोन्ही हातांनी धरून जिना चढले, एक थेंब सांडू न देता.

टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. घरात लेकरू, घागरीत तेवढंच. हे अजून मला बोलतात. तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?