अकरा चौकटींची हजेरी

इस्माईलभाई मुकादम रोज सकाळी साडेपाचला भिंतीची हजेरी घ्यायचे.

"फ्रँक?" ते दरडावून विचारायचे. भिंत गप्प. मग तेच आवाज बदलून उत्तर द्यायचे, "हाजिर." पुढे "अर्ल?" मग "डोरिसबाय?" अशी अकरा नावं होईपर्यंत कतारमधल्या अल वक्रातल्या आमच्या खोलीत मला चहा मिळायचा नाही. चहा त्यांच्या हातात होता.

भिंतीवर अकरा चौकटी होत्या. अमेरिकेत पूर्वी एखादी रेकॉर्ड भरमसाट खपली की कंपनी सोनेरी तबकड्या काचेत बसवून वाटायची, खाली पितळी पट्टीवर मानकऱ्याचं नाव. इस्माईलभाईंकडच्या सगळ्या कंट्री म्युझिकच्या. म्हणजे ट्रक चालवताना, किंवा बायको सोडून गेल्यावर, किंवा ट्रक चालवताना बायको सोडून गेल्यावर म्हणायच्या गाण्यांच्या. त्यातलं एक मी त्यांना फोनवर ऐकवलं.

"बंद करा, साहेब," ते म्हणाले. "माणूस दुखण्यात हाय."

पहिली चौकट त्यांना मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरनं दिली. ती दाखवताना त्यांनी मला पट्टी वाचायला लावली. मान गायकाला नव्हता, गोदामातल्या फ्रँकला होता.

"गाणारा बाजूला, आणि बक्षीस खोकी उचलणाऱ्याला! असा मुलूख बघितलाय तुमी?"

तेव्हापासून त्यांनी फक्त गोदामवाले, पॅकिंगवाले, गाडीवाले जमवले. एकदा साक्षात गायकाची चौकट मिळत होती. नको म्हणाले. "त्याला टाळ्या मिळाल्यात."

हमद पोर्टवर ते अकरा जणांच्या टोळीचे मुकादम. आडनाव आणि हुद्दा एकच, त्यामुळे त्यांना बढती म्हणून कुणी दिली नाही. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तसे स्टेडियमच्या खुर्च्यांचे कंटेनर येत राहिले. "आमी उतरवल्या नाय तर जग काय उभ्यानं मॅच बघणार हाय?" असं ते कस्टमवाल्यांनाही ऐकवायचे.

शेवटचा कंटेनर रिकामा झाला आणि आमच्या कंत्राटदारानं सत्कार ठरवला. यादीत मॅनेजर होते. नुसते कागद टाइप करणारा मीही होतो. टोळी नव्हती. पहिल्या मॅचआधीच ती घरी जाणार होती.

इस्माईलभाई ऑफिसात तीनदा जाऊन आले.

"काय म्हणाले?"

"बोलले, बघू, इन्शाल्ला."

"मग?"

"मग खलास."

शुक्रवारी त्यांनी भिंत उतरवली आणि पिकअपमध्ये घालून आम्ही कामगारांच्या बाजारात, एशियन टाउनला गेलो. तिथला नावं कोरणारा क्रिकेटच्या कपांवर जगायचा. त्यानं विचारलं, "विनर की रनर-अप?"

मी शहाणपणानं म्हटलं, जुन्या पट्ट्या काढून तिथंच नव्या लावू.

"फ्रँकला काढू?" इस्माईलभाई खवळले. "मेलेल्या माणसाची नोकरी घालवू?"

म्हणून फ्रँकखाली लोकबहादूर आला, डोरिसबाईंखाली रामनरेश. हुद्दा सगळ्यांचा एकच: 'स्टेडियमच्या खुर्च्या यांनी उतरवल्या.'

टोळीचा सत्कार मजुरांच्या कॅम्पच्या मेसमध्ये झाला. इस्माईलभाई भर उकाड्यात कोट घालून आले आणि हजेरीच्या आवाजात नावं पुकारू लागले. आचाऱ्यानं पातेल्यावर झाकण बडवलं. रामनरेशनं काच बाहीनं तीनदा पुसली, मग हळूच विचारलं, "मुकादम, ये गाना कैसा है?"

"बहुत अच्छा है," इस्माईलभाईंनी डोळ्याची पापणी न लववता ठोकून दिलं.

कंत्राटदाराच्या सत्कारात मिळालेलं प्रमाणपत्र माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

खुर्च्यांच्याच खोक्यांतला फोम गुंडाळून अकरा चौकटी टोळीबरोबर विमानात चढल्या.

त्यानंतरच्या सोमवारी साडेपाचला मी जागा होतो. भिंतीवर अकरा खिळे आणि अकरा पांढुरके चौकोन. इस्माईलभाई त्यांच्यासमोर उभे राहिले, टोळीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवायला फोन तोंडाजवळ धरला.

"रामनरेश?"

या वेळी त्यांनी स्वतः उत्तर दिलं नाही. थांबले. मी पांघरुणातून बघत राहिलो.

उत्तराचा मेसेज वाजला. मागं म्हैस ओरडत होती, आणि तिच्याही वर आवाज चढवून कुणीतरी म्हणालं, "हाजिर, मुकादम!"

"लोकबहादूर?"

अकरा झाले. इस्माईलभाईंनी मनगटानं डोळे पुसले, फोन खिशात घातला आणि मागं न वळता, त्याच दरडावणीच्या आवाजात पुकारलं,

"कुलकर्णीसाहेब?"

मी पांघरुणातून हात वर केला. "हाजिर."

मग चहा मिळाला.